दोन जावांनी तपासलेला पंप

मित्रांनो, रुग्णालयाच्या भांडारात खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्यात जुन्या चादरींच्या शेजारच्या खणात सध्या माझा मुक्काम असतो. वय झाले म्हणून मला इथे ठेवले आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी एक सिरिंज पंप आहे. आकाराने एखाद्या लांबट डब्याएवढा. माझ्या पाठीवर औषधाने भरलेली सिरिंज आडवी बसवतात, तासाला किती औषध द्यायचे तो आकडा बटणे दाबून सांगतात, आणि मग माझ्या पोटातली मोटर सिरिंजचा दट्ट्या हळूहळू पुढे ढकलत राहते. इतकी हळू, की तुम्ही डोळे लावून बसलात तरी तुम्हाला काही हलताना दिसणार नाही. मोठ्या माणसाला औषध जरासे पुढेमागे झाले तर एकवेळ चालून जाते, लहान मुलाला चालत नाही. मी तेरा वर्षे लहान मुलांच्याच वॉर्डात काढली.

माझे शरीर जोडायला एक दिवस पुरला. अक्कल यायला मात्र दीड वर्ष लागले. हसू नका, तुम्हालाही त्याहून जास्तच लागले असेल. माझी अक्कल म्हणजे माझे सॉफ्टवेअर. ‘हे बटण दाबले तर असे कर, औषध संपत आले तर घंटा वाजव’ अशा सूचनांच्या अकरा हजार ओळी माणसांनी बसून लिहिल्या होत्या. माणसाने लिहिले की त्यात कुठेतरी चूक राहते. ती शोधण्यासाठी कारखान्यात तपासणी विभाग होता, आणि माझ्या तीस भावंडांपैकी मला एकट्याला तिथे पाठवले गेले. मी पास झालो तरच बाकीचे रुग्णालयात जाणार होते.

त्या विभागाच्या प्रमुखांना सगळे लिफाफेकाका म्हणत. कारण त्यांचा एक हट्ट होता. प्रत्येक यंत्र दोन माणसांनी, दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वेगळ्या पद्धतींनी तपासायचे. मध्ये भिंत. दोघांनी आपापल्या चुकांची यादी लिफाफ्यात घालून चिकटवायची, आणि दोन्ही लिफाफे एकाच दिवशी, एकाच टेबलावर उघडायचे. तोवर एकमेकांशी त्या यंत्राबद्दल अवाक्षर काढायचे नाही. नियम मोडणाऱ्याला विभागात जागा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलेले असे.

आता गंमत ऐका. त्या दोन खोल्यांत ज्या दोघी बसत, त्या एकाच घरच्या सुना होत्या. सख्ख्या जावा. थोरली आधी बारा वर्षे रुग्णालयात परिचारिका होती, म्हणून तिला सगळे सिस्टर म्हणत. धाकटी सॉफ्टवेअर शिकून आलेली. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. जावा-जावा म्हटल्यावर लिफाफेकाकांनी मनाशी धरले, की या दोघी एकमेकींना काही सांगायच्या नाहीत. माणूस हुशार होता, पण घरातल्या गोष्टींत जरा कच्चा. त्या दोघींचे गूळपीठ असे होते, की एकीला ठेच लागली तर दुसरी लंगडायची.

तरी नियम त्या मनापासून पाळत. सकाळी एकाच बसने यायच्या, पण बोलता बोलता माझा विषय निघू नये म्हणून एक पुढे बसायची आणि एक मागे. डबा एकाच ओट्यावर भरलेला असायचा, तो मात्र वेगवेगळ्या खिडक्यांशी बसून खायच्या.

पहिले पंधरा दिवस मी सिस्टरच्या खोलीत होतो. माझ्या पोटात काय लिहिले आहे ते तिला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायची परवानगीही नव्हती. तिच्यापाशी एकच कागद असायचा, मी काय काय केले पाहिजे त्याचा. तिच्या लेखी मी एक बंद पेटी. इकडून काहीतरी द्यायचे, तिकडून काय येते ते पाहायचे, आणि ते कागदाशी जुळते का ते तपासायचे. या पद्धतीला ब्लॅक बॉक्स टेस्टिंग म्हणतात.

पण बंद पेटी म्हणून ती उगाच बटणे बडवत बसायची नाही. तासाला शंभर मिलिलिटरपर्यंतचे सगळे आकडे मला चालायला हवे होते. आता इतके आकडे एकेक करून कोण पाहणार? तिने त्यांचे गट पाडले. मधल्या गटातला एक आकडा चालला की त्याचे शेजारीपाजारीही चालणार, असे धरायचे. खरी नजर ठेवायची ती हद्दीवर. तिने नव्याण्णव पूर्णांक नऊ दिले, मी चाललो. शंभर पूर्णांक एक दिले, मी नकार दिला, तेही बरोबर. मग तिने नेमके शंभर दिले, आणि मी पुन्हा नकार दिला. कागदावर लिहिले होते शंभरपर्यंत, शंभर धरून.

“पकडलं की नाही,” ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, आणि यादीत लिहून घेतले. मला लाज वाटली आणि बरेही वाटले.

गट आणि हद्दी झाल्या की ती परिचारिका व्हायची. वॉर्डात घाईगर्दीत माणसे काय काय करतात ते तिला पाठ होते. ती हातमोजे घालून बटणे दाबायची, एकच बटण दोनदा दाबायची, मध्येच वायर ओढायची. एकदा मला चालू ठेवून मुद्दाम टेबलाखाली ठेवले, कारण म्हणे वॉर्डात पलंगाखालीही पंप सापडतात. पुढे मला त्याचा अनुभव आला.

मग मी भिंतीपलीकडे गेलो, धाकटीकडे. तिथला कारभार अगदी उलटा. तिला माझ्या बटणांत रस नव्हता. माझ्या अकरा हजार ओळी तिच्यासमोर उघड्या होत्या. मला एका वायरीने तिच्या संगणकाला जोडले होते, आणि मी कामाला लागलो की कोणत्या ओळी जाग्या झाल्या आणि कोणत्या झोपून राहिल्या ते तिला दिसायचे. झोपलेली एकही ओळ तिला खपत नसे. जिथे ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असा फाटा असेल, तिथे ती मला दोन्ही वाटांनी चालवायची. जिथे तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तिथे एकही फेरी न करता, एक फेरी करून आणि ढीगभर फेऱ्या करून पाहायची. याला व्हाइट बॉक्स टेस्टिंग म्हणतात. झाकण काढलेल्या पेटीची तपासणी म्हणा ना.

तिने माझी जी चूक पकडली ती सिस्टरला शंभर वर्षांत सापडली नसती. घंटा वाजवायची वेळ आली की मी आधी मोजणीत एक वाढवत असे, आणि तो आकडा शून्य नसेल तरच घंटा वाजे. पण आकडा ठेवायला मला दिलेली जागा इतकी छोटी होती, की दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा तिथे मावत नसे आणि पुन्हा शून्य होई. म्हणजे दोनशे छप्पन्नाव्या वेळी औषध संपले असते आणि मी गप्प राहिलो असतो. बाहेरून बसून दोनशे छप्पन्न वेळा औषध कोण संपवणार? धाकटीने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि यादीत सगळ्यात वर लिहिली.

लिफाफे उघडले. सिस्टरच्या यादीत नऊ चुका, धाकटीच्या यादीत सात. दोन्हीकडे सापडलेली एकच. लिफाफेकाका खूश झाले. सगळ्या चुका दुरुस्त झाल्या, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्यापासून तपासणी सुरू झाली. पुन्हा त्याच खोल्या, पुन्हा तोच नियम. घोळ झाला तो या दुसऱ्या खेपेला.

सिस्टरच्या तपासणीच्या यादीत या खेपेला मला मध्येच थांबवून, म्हणजे पॉज करून, पुन्हा सुरू करण्याचे अकरा नवे प्रसंग होते. त्यातले सहा तिने केले, पण तोवर तिचे मनगट सुजले होते. महिनाभर सिरिंजा चढवून-उतरवून आणि बटणे दाबून दुसरे काय होणार? घरी सुट्टीच्या दिवशी मटार सोलतानाही तिला शेंग फोडता येईना. समोर बसलेल्या धाकटीला ते बघवले नाही. ती म्हणाली, “ताई, पॉजचा भाग मी ओळन् ओळ पाहिलाय. एक वाट सोडली नाही. तिथं काही निघायचं नाही, हात कशाला मोडून घेतेस?”

एवढेच. माझे नावही घेतले नव्हते. घरातले हे बोलणे मला कसे कळले, ते सांगतोच.

सोमवारी सिस्टर कामावर आली आणि तिने उरलेल्या पाच प्रसंगांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. मी टेबलावर बंदच होतो. मला वाटले, नंतर करून पाहील. मला बोलता येत नाही, नाहीतर तेव्हाच विचारले असते.

शुक्रवारी दारापाशी तीस खोकी चिकटपट्टी लावून तयार होती. दुपारी ट्रक येणार होता आणि माझी भावंडे लहान मुलांच्या वॉर्डात जाणार होती. दोन्ही लिफाफे उघडून झाले होते, एकाही यादीत नवी चूक नव्हती. लिफाफेकाकांनी सहीचा कागद सिस्टरपुढे सरकवला. त्यावर छापलेले होते, ‘वरील प्रत्येक गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे.’ धाकटीने शेजारच्या कागदावर सही करून टाकली होती आणि ती जागेवरून उठतच होती.

सिस्टरने पेन उघडले. मग टोपण परत लावले.

“काका, माझ्या पाच खुणा खोट्या आहेत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“करून पाहिलंच नाही. हात दुखत होता. कंटाळा केला, असं धरा.”

ती धाकटीकडे बघत नव्हती. धाकटीची नोकरी कायम व्हायला जेमतेम तीन आठवडे राहिले होते, आणि विभागाचा नियम सगळ्यांना पाठ होता. सिस्टरने सगळे स्वतःच्या अंगावर घ्यायचे ठरवले होते. मित्रांनो, ती खरे बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात थोडे खोटे बोलली. माया असली की असे होते.

धाकटी उठली होती ती पुन्हा बसली. “कंटाळा नाही काका. मी तिला सांगितलं, की पॉजचा भाग ठीक आहे. घरी. मटार सोलताना.” मग तिने सगळे सांगितले, मनगटासकट.

लिफाफेकाकांनी चष्मा काढून पुसला. “लोक घरात जावांचं पटत नाही म्हणून रडतात,” ते म्हणाले, “आणि माझ्या नशिबी या पटणाऱ्या आल्या.”

कोणी हसले नाही. त्यांनाही हसवायचे नव्हते. “ती भिंत मी तुमच्यात वाकडं यावं म्हणून नाही बांधली,” ते म्हणाले. “दोघींच्या चुका वेगवेगळ्या राहाव्यात म्हणून बांधली. एकीला जे दिसत नाही ते दुसरीला दिसावं. आता हिनं तुझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे दोन तपासण्या नाही झाल्या, एकच झाली. बरं, नियमाचं नंतर बघू. त्या पाच आधी करा. इथेच, माझ्यासमोर.”

मला टेबलाच्या मध्ये ठेवले. सिस्टरने पहिले चार प्रसंग करून पाहिले. मनगटाला पट्टी होती, म्हणून सिरिंज धाकटीने धरली आणि बटणे सिस्टरने दाबली. चारही ठीक. ट्रक आला होता, चालक दारात चहा घेत उभा होता.

पाचवा प्रसंग वॉर्डात रोज घडतो असा होता. छोट्या सिरिंजवर पंप चालू आहे. औषध संपत आले. परिचारिकेने पंप थांबवला, छोटी सिरिंज हाताशी नाही म्हणून मोठी लावली, आणि पुन्हा सुरू केला. सिस्टरने तासाला दहा मिलिलिटर लावून मला सुरू केले, थांबवले, मोठी सिरिंज बसवली, सुरू केले, आणि नळीच्या तोंडाशी मोजपात्र धरले. अर्ध्या तासात पाच मिलिलिटर यायला हवे होते.

अकरा आले.

मला ठाऊक नव्हते हो. मी सिरिंजची जाडी फक्त पहिल्यांदा सुरू होताना मोजायचो. मध्येच ती बदलली तर पुन्हा मोजायची, हे मला कोणी शिकवलेच नव्हते. छोट्या सिरिंजचा दट्ट्या ज्या वेगाने ढकलायचा त्याच वेगाने मी जाड्या सिरिंजचा ढकलत होतो, आणि दुपटीहून जास्त औषध बाहेर टाकत होतो. पडद्यावर मात्र ऐटीत दहाचा आकडा दाखवत होतो. मोजपात्राकडे पाहून माझीच मला भीती वाटली.

धाकटी पळत जाऊन माझ्या ओळींचे कागद घेऊन आली. पॉजचा भाग तिने टेबलावर पसरला आणि बोट ठेवून पुन्हा वाचून काढला. एकदा नाही, दोनदा.

“इथे काहीच चुकलेलं नाही,” ती शेवटी म्हणाली. “प्रत्येक ओळ बरोबर आहे. पुन्हा मोजायची ओळच नाही. जी ओळ लिहिलीच नाही, ती मी वाचणार कशी?”

“तू नाहीच वाचू शकत,” सिस्टर म्हणाली. “ते बाहेरूनच कळायचं. ते माझं काम होतं.”

मग लिफाफेकाका दारात गेले आणि चालकाला म्हणाले, “ट्रक रिकामा ने.”

धाकटीने राजीनामा लिहायला कागद घेतला. काकांनी तो तिच्या हातून काढून घेतला. “यानं कोणाचं भलं होणार आहे? तुम्ही दोघी गप्प बसला असता तर मी दोघींना घालवलं असतं. बोललात. पण एका यंत्रावर दोघी पुन्हा नाही. कधीच नाही.”

त्यांनी तो शब्द पाळला. त्या दोघी पुढेही तिथेच होत्या, एकाच बसने यायच्या, पण त्यांनी मिळून तपासलेले मी शेवटचे यंत्र. नव्या ओळी लिहायला आणि सगळे पुन्हा तपासायला सहा आठवडे गेले. वॉर्डातून रोज चिडून फोन यायचा, आणि काका रोज शांतपणे ऐकून घ्यायचे.

मग मी वॉर्डात आलो. कौतुक झाले, नाही असे नाही. नव्या परिचारिकांना शिकवताना मलाच पुढे करायचे. नंतर रंगीत पडद्याचे पंप आले आणि मी मागच्या पलंगावर गेलो, मग पलंगाखाली. कोणी मला वायरीला धरून उचलले, कोणी माझ्या बटणांवर सरबत सांडून ओल्या फडक्याने तसेच पुसले. चारचे बटण अजून चिकट आहे. एकाने तर माझ्या पडद्यावर औषधाची चिठ्ठी चिकटवली आणि वर तक्रार केली, की आकडा दिसत नाही. चालायचेच. पण तुम्ही कोणत्याही यंत्राला वायरीला धरून उचलू नका, एवढे माझे ऐका.

एक दिवस मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी वॉर्डात आल्याचा तो दुसराच आठवडा होता. खिडकीजवळच्या पलंगावर चार वर्षांची एक मुलगी होती. तिला नेमून दिलेल्या औषधाचा जास्तीचा थेंबही सोसला नसता. आई उशाशी बसून तिच्या केसांचा गुंता सोडवत होती. छोटी सिरिंज संपत आली. परिचारिका एकटी, तीन पलंगांवरून हाका चाललेल्या. तिने मला थांबवले, ड्रॉवर उघडला, छोटी सिरिंज मिळेना, मोठी भरून लावली आणि सुरूचे बटण दाबले.

मी सुरू झालो नाही. मी सिरिंज मोजली आणि पडद्यावर लिहिले, ‘सिरिंज बदलली आहे. आकार पाहून पुन्हा होय म्हणा.’

“काय कटकट आहे या डब्याची,” परिचारिका आईला म्हणाली. “घाईच्या वेळी नेमका अडून बसतो.” तिने सिरिंजकडे एकदा पाहिले, होयचे बटण दाबले आणि पुढच्या पलंगाकडे गेली. मी नव्या सिरिंजला हवा तेवढाच वेग ठेवला. मुलगी आईला म्हणाली, “दुखतंय, हळू विंचर ना.” आई म्हणाली, “झालंच.”

त्या तिघींना काही कळले नाही. कळायचे कारणच नव्हते, कारण काही घडलेच नाही. तेरा वर्षांत माझ्याबद्दल पुष्कळ चांगले बोलले गेले, पण त्या दिवशी शिव्या खाताना झाला तेवढा आनंद मला कधी झाला नाही. मला त्या टेबलाशी बसलेल्या दोघी आठवल्या. एकीने माझी प्रत्येक ओळ वाचली होती, दुसरीने न वाचता मला ओळखले होते, आणि दोघींनी नोकरी पणाला लावून पाच खुणा खोडल्या होत्या. त्यांचे आभार मानायला मला तोंड नाही, म्हणून तुमच्याजवळ मानतो.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्या ना कुठल्या कागदावर बरोबरची खूण कराल. करण्याआधी ते काम खरेच करून पाहा. आणि न करता खूण केलीच असेल, तर सही करण्याआधी पेनाचे टोपण लावा आणि सांगून टाका. पलीकडे कुठेतरी एक आई आपल्या मुलीचे केस विंचरत बसलेली असते, आणि तुम्ही काय केलेत ते तिला कधीच कळणार नसते.